पहिले ट्रेकिंग बूट ऑनलाइन घेतोयस? एवढं बघ

भावा, बाकीचं नंतर शिकशील, आधी हे वाच. साडेसात हजाराचे बूट तेराशेला दिसले की समजायचं काहीतरी गडबड आहे, मी पण असाच फसलो होतो, राजगडच्या चोर दरवाज्याच्या वाटेवर डाव्या बुटाचा सोल निघून फटफट वाजायला लागला, शेवटी दोरीने बांधून उतरलो.

- साइटवर पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर नसेल तर सोडून दे, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ते द्यावंच लागतं.
- पार्सल फोडताना व्हिडिओ काढ, लेबल दिसायला हवं. हे सगळेच विसरतात.
- रिफंडसाठी ओटीपी मागितला की फोन ठेव. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लाव, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. दुकानदार नुसता टोलवतोय, तर १९१५ ला, ती ग्राहक हेल्पलाइन.

आणि टेंट-बिंट आत्ता घेऊच नको, भाड्याने मिळतो.