मौखिक परंपरेतील दैवतकथा नव्याने लिहिताना पुनरुक्ती गाळावी का, आणि शेवट सौम्य करावा का?

आपला प्रश्न युरोपातील ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या दैवतकथा आणि आपल्याकडील आदिवासींच्या कथा अशा दोहोंविषयी आहे. मी दुसऱ्या भागाविषयी अधिकाराने बोलू शकतो, कारण त्यावरून एका संपादक मित्राशी माझे जवळजवळ तीस वर्षे भांडण चालू आहे. पुनरुक्ती गाळू नये. शेवटाला तर हातच लावू नये.

1996 च्या मार्गशीर्षात मी सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावर थाळीवरची कथा ध्वनिमुद्रित केली. मी तेव्हा नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि माझा एक विद्यार्थी त्या पाड्यावरचा होता, दिंडोरी-वणीमार्गे एस.टी.ने गेलो आणि शेवटचे अंतर पायी चाललो. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: काशाच्या थाळीच्या मध्यभागी मधमाशीचे मेण दाबून त्यात एक बारीक काडी उभी करतात आणि कथा सांगणारा ती काडी बोटांनी वरून खाली ओढत राहतो. थाळी भुंग्यासारखी घुमू लागते आणि तो घुमार कथा संपेपर्यंत तुटत नाही. माझी प्रत्येक कॅसेट साठ मिनिटांची होती, म्हणजे दर अर्ध्या तासाने बाजू उलटावी लागे. कथा सांगणारे बाबा काही माझ्यासाठी थांबत नव्हते, त्यामुळे प्रत्येक वेळी चार-सहा ओळी कायमच्या गेल्या.

कथा कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची होती. बाबांच्या सांगण्यात धान्य पायाखाली तुडवले गेल्यामुळे ती रुसून घर सोडते, नार नदी ओलांडते, पार नदी ओलांडते, डोंगरामागून डोंगर चढते आणि प्रत्येक वस्तीवर दार वाजवून तेच शब्द पुन्हा बोलते. शेवटी माणसे खळे सारवून तिला परत आणतात; परंतु काही घरांत ती पुन्हा पाऊल टाकत नाही. मी चार महिने कॅसेट पुढे-मागे करून अडतीस पाने उतरवली आणि मित्राला त्याच्या दिवाळी अंकासाठी दिली. 1997 च्या अंकात सहा पाने छापून आली. बोलीची प्रमाण मराठी झाली होती, नद्या आणि वस्त्या 'मजल दरमजल करीत' या तीन शब्दांत उरकल्या होत्या, आणि शेवटी देवी सर्वांना क्षमा करून प्रसन्न वदनाने घरोघरी जात होती.

तो अंक घेऊन मी पाड्यावर गेलो आणि मोठ्या तोंडाने वाचून दाखवला. बाबांनी तंबाखू मळत सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, नार ओलांडली नाही, पार ओलांडली नाही, मग ती पलीकडे गेली कशी?" मला उत्तर सुचले नाही. परतीच्या एस.टी.त मात्र लक्षात आले की ज्याला आम्ही पाल्हाळ समजलो होतो त्यात सगळा हिशेब होता. शब्द प्रत्येक दारी तेच असले, तरी कोणी तिला पाणी देतो, कोणी कुत्रे सोडतो, कोणी दार उघडतच नाही. आणि अखेरीस ती ज्या घरांत परतत नाही ती हीच घरे असतात. दारेच गाळल्यावर संपादकाला सर्वांना क्षमा करण्यावाचून दुसरा मार्ग उरला नव्हता. म्हणून आपले दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत असे मी मानतो.

मित्राचा एक युक्तिवाद चांगला आहे. तो म्हणतो, आपल्या श्रावणातल्या कहाण्यांतच 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' असे म्हणतात. मग मी साठाची पाच केली तर काय बिघडले? बिघडले ते असे की कहाणी आपले आखूड होणे ऐकणाऱ्याच्या तोंडावर सांगते, त्याच्या अंकात तशी एक ओळही नव्हती. ग्रिम बंधूंचा दाखलाही तो देतो. 1812 च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठणारी राणी तिची सख्खी आई आहे आणि 1819 मध्ये तिची सावत्र आई झाली, हे खरे. पण पहिली आवृत्ती हाताशी आहे म्हणूनच तो बदल पकडता येतो. फिनलंडच्या ल्यॉनरूटने गावोगावची गीते सांधून 1835 मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य रचले, तेव्हा त्याने कितीतरी मोडतोड केली. मात्र त्याने आणि इतरांनी टिपलेले पाठ पुढे 33 खंडांत छापले गेले. आपण पुनर्कथन अवश्य करा, पण ऐकलेला पाठ जसाच्या तसा कुठेतरी ठेवा आणि आपली कात्री कुठे चालली ते लिहा.

आपल्या प्रश्नाच्या युरोपीय भागाला हे सरसकट लागू होत नाही, हेही मान्य करतो. आइसलंडच्या स्नोरीने 1220 च्या सुमारास नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातील जुन्या, देवांच्या कथा लिहिल्या तेव्हा तो देश ख्रिस्ती होऊन दोन शतके लोटली होती. तेथे विचारायला बाबाच उरलेले नाहीत, त्यामुळे आपल्याला मोकळीक अधिक आहे. आणि सर्वच कथा लिहिण्यासाठी नसतात. काही ठरावीक विधीतच सांगायच्या असतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

माझी चूकही येथेच लिहितो. त्या अंकात लेखक म्हणून माझे नाव होते आणि बाबांचे कोठेच नव्हते, आणि त्याबद्दल मी तेव्हा अवाक्षर काढले नाही. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर हिने आपल्या आयाकडून, ॲना लिबराटा डिसूझा हिच्याकडून, ऐकलेल्या दख्खनच्या कथा 1868 मध्ये छापल्या, तेव्हा तिने त्या आयाचे नावच नव्हे, तर तिची जीवनकहाणीही पुस्तकात घातली होती. आम्हाला 1997 मध्ये ते सुचले नाही.

मित्र हे वाचेल याची मला खात्री आहे. माझी अडतीस हस्तलिखित पाने अजून त्याच्याकडेच आहेत आणि कॅसेटांपैकी एक आता वाजत नाही, तेव्हा ती त्याने परत करावीत.