रस्ता सिव्हिलचा, पण नियंत्रण तुमच्या लेकीच्या शाखेचं

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महामार्गावरच्या वाहतुकीचं ‘प्रेडिक्टिव्ह कंट्रोल’ हा विषय तिला प्रोजेक्टला घ्यायचाय आणि ‘रस्ते म्हणजे सिव्हिल, मग हिची शाखा वाया जाईल का?’ ही तुमची काळजी. मुळीच वाया जाणार नाही. हे तिच्याच शाखेचं काम आहे.

मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल (एमपीसी), म्हणजे पुढचा अंदाज बांधून आत्ताचं नियंत्रण ठरवायची पद्धत, १९७०च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखान्यांत रुजलं. ते मोटरवेवर लावण्याचं मोठं काम नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठात झालं. रस्त्यातले सेन्सर गाड्यांची संख्या आणि वेग कळवत राहतात. पुढच्या काही मिनिटांत कोंडी कुठे होईल याचा अंदाज संगणक बांधतो, वेगमर्यादेचे फलक आणि रॅम्पवरचे (महामार्गाला येऊन मिळणाऱ्या जोडरस्त्यांवरचे) सिग्नल कसे चालवायचे ते ठरवतो. त्यातला फक्त पहिला टप्पा अमलात येतो. नवं मोजमाप आलं की गणित पुन्हा मांडायचं. एवढा खटाटोप कशासाठी? कारण एकदा कोंडी झाली की तिच्यातून सुटणारा प्रवाह रस्त्याच्या मूळ क्षमतेपेक्षा कमीच राहतो. म्हणून तिथल्या ए-१२ मोटरवेवर मागच्या गाड्यांना वेळीच ताशी ६० किमीची मर्यादा दाखवून, मागे सरकत जाणारी कोंडी विरवण्याची चाचणीही झाली.

रस्ता लांब आणि रॅम्प पुष्कळ असले की सगळं एकत्र गणित वेळेत सुटत नाही. मग तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र कंट्रोलर द्यायचा आणि शेजाऱ्यांनी आपापले अंदाज एकमेकांना कळवायचे. मला यातला हाच भाग सर्वांत आव्हानाचा वाटतो: एका तुकड्याची सोय दुसऱ्याची कोंडी ठरू शकते.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. आपल्याकडे केवळ या विषयाच्या जागा मोजक्याच. पण एमपीसी पक्कं असेल तर रिफायनरी, रसायन उद्योग, वाहन उद्योग ही दारं उघडी राहतात. पुढे शिकायचं तर गेट देऊन आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोल, किंवा परदेशात डेल्फ्ट.

तिला सांगा, सुरुवात एकाच रॅम्पपासून कर. सुमो हे वाहतुकीचं सिम्युलेटर मोफत मिळतं. आधी त्यावर रॅम्पवरून किती गाड्या सोडायच्या ते ठरवणारा १९९१चा ‘अलिनिया’ हा साधा नियम चालवायचा, मग स्वतःचं एमपीसी, आणि दोन्हींत गाड्यांचा एकूण वेळ किती गेला ते मोजायचं. सिव्हिलच्या वाहतूक विषयाच्या सरांना सहमार्गदर्शक म्हणून आत्ताच विचारून ठेवा.