वाचकांचे प्रश्न : रूळ चिकटवावेत की ठोकावेत?

प्रश्न : ८ × २ फुटांच्या प्लायवर एचओ स्केलची (खऱ्याच्या १/८७ आकाराची) मॉडेल रेल्वे मांडली आहे. भर पावसाळ्यात तयार तुकड्यांचे रूळ एकमेकांना घट्ट भिडवून सुतारी गोंदाने चिकटवले. मार्चपर्यंत ते जोडांपाशी उचलले गेले, गाडीही मध्येच अडते. आता फ्लेक्झिबल (हवा तसा वाकवता येणारा) ट्रॅक घेऊन खिळ्यांनी ठोकावा का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : फ्लेक्झिबल ट्रॅक जरूर घ्या, पण ठोकू नका. तुमच्याकडे हललं ते प्लाय. पावसाळ्यात ते फुगलेलं असतं, नंतर आकसतं आणि फट न ठेवलेले रूळ वर उचलतात. म्हणून आधी प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही रंग द्या. कडा हमखास विसरल्या जातात आणि ओल तिथूनच शिरते.

खिळा जरा जास्त बसला की स्लीपर (रुळांखालची आडवी पट्टी) मधोमध दबतो, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमीपेक्षा कमी होतं आणि डबा नेमका तिथेच घसरतो. त्यापेक्षा ३ मिमी कॉर्कवर ॲक्रिलिक सीलंट लावा. जुन्या प्लास्टिक कार्डाने तो इतका पातळ पसरवा की खालचा कॉर्क दिसला पाहिजे. ट्रॅक दाबून रात्रभर वर पुस्तकं ठेवा. चुकलंच तर पुट्टी लावायची पातळ पट्टी खाली सरकवून ट्रॅक सोडवता येतो. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) हलत्या पात्यांखाली काहीच लावू नका.

वळणावर जोड येत असेल तर दोन तुकडे सरळ असतानाच सोल्डर करा, मग वाकवा. आधी वाकवून जोडलेत तर जोडापाशी कोपरा पडतोच. आतला रूळ पुढे येईल, तो कापून कानशीने घासा. सरळ भागात, पावसाळ्यात काम करत असाल तर, जोडात १ मिमी फट सोडा.

गाडी अडते ती जोडपट्ट्यांमुळे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत त्यांच्यावर थर चढतो आणि वीज पुढे जात नाही. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही रुळांना स्वतंत्र वायर सोल्डर करा. हे काम टाळू नका.

एक मात्र स्पष्ट सांगतो : २ फूट म्हणजे ६१० मिमी. एचओत नेहमीच्या ४५७ मिमी त्रिज्येच्या पूर्ण फेरीला ९१४ मिमीहून जास्त रुंदी लागते. या फळीवर शंटिंग यार्डच (डबे मागेपुढे करून जोडायची-सोडायची जागा) करा.

प्रश्न : रूळ कोड १०० चा घ्यावा की ८३ चा? – एक वाचक, दादर

उत्तर : हा आकडा रुळाची उंची सांगतो, इंचाच्या हजाराव्या भागांत : २.५४ मिमी आणि २.१ मिमी. ८३ दिसायला सरस आहे. जुन्या, खोल फ्लँजच्या (चाकाच्या आतल्या कडेच्या) चाकांचे डबे असतील तर १००च घ्या.