कायरल नॅनोस्फटिक: सीडीत शिखर दिसले म्हणजे झाले का?

कायरल म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारखे, आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारे. सीडी म्हणजे सर्क्युलर डायक्रोइझम: डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणाऱ्या प्रश्नांत घोळ एकच असतो: कायरल अमाइन घातले, सीडीच्या आलेखात शिखर आले, म्हणजे स्फटिक कायरल झाला. या वेळचे बहुतेक प्रश्न आर-मिथाइलबेन्झिलअमाइन (एमबीए) वापरून केलेल्या थरयुक्त लेड आयोडाइड पेरोव्हस्काइट या स्फटिकाचे आहेत.

प्रमाण काय घ्यावे? मे महिन्यात सुयांऐवजी भुकटीच पडते. (अमळनेर)

200 मिग्रॅ लेड ऑक्साइड, 6 मिली 57 टक्क्यांचे हायड्रोआयोडिक आम्ल, 200 मायक्रोलिटर अमाइन. अमाइन थेंबाथेंबानेच सोडा, उष्णता बरीच निघते. 90 अंशांवर सगळे विरघळले की ताशी 1 अंशाने थंड करा. नारिंगी सुया येतात. भुकटी पडते ती घाईने थंड झाल्यामुळे, आणि आपल्याकडे घाई बहुधा भारनियमन करते. घट्ट बंद कुपी गरम पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवा, वीज गेली तरी अडत नाही. धुताना ईथर नको: ते 35 अंशांच्या आतच उकळते, तुमची खोली चाळिशीत. गार टोल्युइन घ्या. सुया डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकात विरघळवून, जोरात ढवळणाऱ्या टोल्युइनमध्ये थेंब थेंब सोडल्या की नॅनोस्फटिक मिळतात.

आम्ल तपकिरी झाले असेल तर त्यात आयोडीन आहे. हायपोफॉस्फरस आम्लाने रंग जातो, पण ते जास्त तापले की विषारी फॉस्फीन सुटतो. फ्यूम हुडशिवाय आणि मार्गदर्शक समोर नसताना हे करू नका.

विक्रेता "99 टक्के शुद्ध" म्हणतो. पुरेसे आहे? (धुळे)

नाही. ती रासायनिक शुद्धता झाली. आर आणि एस (एकाच रेणूची एकमेकांची आरसा-प्रतिमा असलेली दोन रूपे) निम्मे-निम्मे असले तरी बाटलीवर 99 लिहिता येते. एनॅन्शिओमेरिक एक्सेसचा (एक रूप दुसऱ्यापेक्षा किती जास्त, याचा) आकडा त्या लॉटच्या प्रमाणपत्रावर लेखी मागा. देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा. जवळच्या फार्मसी महाविद्यालयात पोलारिमीटर (ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती वळते ते मोजणारे यंत्र) असेल तर तपासून घ्या: शुद्ध आर द्रवाचे विशिष्ट वलन सुमारे +39 अंश येते.

टंगस्टन डायसल्फाइडवर सर्पिल वाढ दिसली. नमुना कायरल म्हणावा? (शिरपूर)

एकेक सर्पिल कायरल, नमुना नव्हे. वाढताना कायरल काही दिलेच नसेल तर डावे-उजवे सारखेच निघतात.

फिल्मला 500 नॅनोमीटरजवळ सीडी शिखर आले. सीनियर म्हणतात, पेपर लिहायला एवढे पुरे. (नंदुरबार)

पुरे नाही. "सीनियर म्हणतात" हा पुरावा नव्हे.

शिखर एक्सायटॉनच्या (प्रकाशाने स्फटिकात बनणाऱ्या इलेक्ट्रॉन-पोकळी जोडीच्या) शोषणाच्या जागी आहे ही चांगली गोष्ट. 270 नॅनोमीटरखाली असते तर ते नुसत्या उरलेल्या अमाइनचेही असू शकले असते. पण फिल्ममधले स्फटिक एका दिशेने झोपलेले असतील, तर रेषीय द्विवर्णता (दिशेनुसार शोषण बदलणे) आणि द्विअपवर्तन (दिशेनुसार अपवर्तनांक बदलणे) मिळून खोटी सीडी तयार करतात, आणि ती खऱ्या संकेताहून कितीतरी मोठी असू शकते. म्हणून फिल्म किरणाभोवती 90 अंश फिरवून पुन्हा मोजा. मग उलटी करून, म्हणजे काच पुढे आणि थर मागे, मोजा. खरी सीडी उलटल्यावर तशीच राहते. हा खोटा भाग चिन्ह बदलतो. दोन्हींची सरासरी घ्या.

त्यानंतर एस-अमाइनचा नमुना, त्याच जाडीचा. आलेख आरशातल्यासारखा उलटा यायलाच हवा. आणि रेसिमिक (आर-एस निम्मे-निम्मे) नमुना, जो विद्यार्थी हमखास वगळतात: तिथे शून्य आले पाहिजे. शून्य नसेल तर आधीचे सगळे संशयास्पद.

शोषण 1 च्या आत ठेवा. डिटेक्टरचे व्होल्टेज वर चढले असेल तर त्या तरंगलांबीचा आकडा टाकून द्या. छापताना फक्त मिलिडिग्री (यंत्र सीडी ज्या एककात दाखवते ते) नको, जी-घटक (शोषणाच्या तुलनेत सीडी किती) द्या: मिलिडिग्री भागिले (32980 गुणिले शोषण). 10 मिलिडिग्री आणि शोषण 0.5 असेल तर सुमारे 0.0006. हे सारे आलेख यंत्र चालवणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा आणि मगच लिहायला बसा.

उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतले तर चालेल? (जळगाव)

मुळीच नाही. त्यात शिसे आहे. झाकणबंद, लेबल लावलेल्या डब्यात साठवा आणि विभागाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारून घातक कचऱ्यात द्या. हातमोज्यावर डीएमएफ सांडले तर हातमोजा लगेच बदला. ते त्वचेतून आत शिरते आणि विरघळलेले शिसेही सोबत नेऊ शकते.