तीन नंबरचं मशीन

प्रश्न : सर, मी सेलूचा. पुण्यात दोन वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करून गावी परत आलोय. मोठ्या शहरांत दहा मिनिटांत किराणा घरपोच देणारी अ‍ॅप आहेत, तसंच हुबेहूब सेलूत काढायचं ठरवलंय. वडील मास्तर होते. ते म्हणतात, "निस्ती कॉपी करायलास तू." मी म्हणतो, चिनी कंपन्या कॉपी करूनच मोठ्या झाल्या. आमच्यात बरोबर कोण?
– एक वाचक, सेलू

उत्तर : चीनची गोष्ट तू वडिलांना अर्धीच सांगितलीस.

२००० साली नांदेडला वजिराबादेत माझा सायबर कॅफे होता. सहा मशीन आणि एक फोनलाइन, तीही पावसाळ्यात रुसलेली. बहुतेक गिऱ्हाइकं याहूवर असायची. एक पोरगा मात्र आयसीक्यू या गप्पांच्या सॉफ्टवेअरवर दुबईतल्या भावाशी बोलायचा आणि त्याला तीन नंबरचंच मशीन लागायचं. आयसीक्यू तेव्हा दोस्तांची यादी ज्या त्या कॉम्प्युटरवरच ठेवायचं. दुसऱ्या मशीनवर बसला की यादी कोरी. तीन नंबरवर कुणी असलं तर तो तासभर बाहेर पायरीवर बसून राहायचा. मी काय तोड काढली? वहीत त्याच्या नावापुढे '३' लिहून ठेवलं.

तिकडे चीनच्या शेन्झेनमध्ये मा ह्वातंग यांच्या टेन्सेंट कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये ओआयसीक्यू काढलं होतं. आयसीक्यू १९९६ चं, इस्रायलच्या पोरांनी केलेलं. यांनी पुढे नुसता 'ओ' चिकटवला. आयसीक्यू विकत घेतलेल्या अमेरिकेच्या एओएलने हरकत घेतली, तेव्हा नाव बदलून क्यूक्यू केलं. इथवर तुझे वडील बरोबर. पण चीनमध्येही घरी कॉम्प्युटर थोड्यांकडेच, बाकीचे कॅफेत, आज या मशीनवर तर उद्या त्या. म्हणून टेन्सेंटने यादी सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, नेऊन ठेवली. कुठंही बसा, दोस्त हजर. ती अडचण मला रोज माझ्याच पायरीवर बसलेली दिसत होती आणि मी वही काढली. अजून लागतं ते मनाला.

ताओबाओ या चीनच्या खरेदी-विक्रीच्या साइटचंही तसंच. ते आलं २००३ मध्ये, अमेरिकेच्या ईबे साइटच्या धर्तीवर. ईबे विकणाऱ्याकडून फी घ्यायचं. यांनी सगळं फुकट ठेवलं. गिऱ्हाईक आणि दुकानदार परस्पर सौदा करतील, ही ईबेला धास्ती. यांनी दोघांना घासाघीस करायला गप्पांची खिडकीच उघडून दिली. आणि २००४ मध्ये अलीपे आणलं. माल हातात पडेपर्यंत पैसे मधल्याकडे. मोंढ्यात आडत्या मधे का लागतो, हे सेलूच्या माणसाला मी काय सांगू! २००६ च्या अखेरीस ईबेने तिथली स्वतःची साइट बंद केली.

सगळ्यात निगरगट्ट कॉपीवाला म्हणजे वांग शिंग. २००५ मध्ये त्याने फेसबुकसारखं श्याओनेइ केलं आणि पुढच्याच वर्षी विकलं. २००७ मध्ये ट्विटरसारखं फानफोउ, ते २००९ मध्ये सरकारी बडग्याने बंद पडलं. २०१० मध्ये सवलतीची कूपनं विकणाऱ्या अमेरिकेच्या ग्रुपॉनसारखं मेइत्वान. तेव्हा चीनमध्ये अशा कूपनवाल्या साइट हजारोंनी उगवल्या होत्या. बहुतेकांचा हिशेब सोपा होता : कूपनची मुदत संपली की पैसे आपले. मेइत्वानने मुदत संपलेल्या कूपनचे पैसे परत द्यायला सुरुवात केली. बाजारात पत बसली. पुढे हॉटेलचं जेवण घरपोच देण्यात कंपनी शिरली आणि २०१८ मध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरली. ग्रुपॉनची नक्कल त्यात आता शोधावी लागेल.

तिथे सरकारी कुंपणही आहे, हेही वडिलांना सांग. फेसबुक, ट्विटर २००९ पासून बंद. बाहेरचा बैल शेतात येणारच नाही म्हटल्यावर घरच्याचं फावतंच. पण ईबेला कुणी अडवलं नव्हतं, ते उघड्या बाजारात हरलं.

आता तुझं अ‍ॅप. सेलूत दहा मिनिटांत किराणा कुणाला हवाय? दुकान पाच मिनिटांवर आहे आणि तिथं उधारीची वही आहे. तुझ्या अ‍ॅपमध्ये उधारी आहे का? सोयाबीन विकल्यावर पैसे देईन म्हणणाऱ्याला तुझं अ‍ॅप काय उत्तर देणार? आणि आसपासच्या खेड्यांतल्या बाया सामानाची यादी कुणाच्या हाती पाठवतात, पिशवी एसटीच्या कुठल्या फेरीने जाते, बघितलंस कधी? आठ दिवस एखाद्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी बसून काढ. लॅपटॉप घरी ठेव, वही ने. कोण काय मागून रिकाम्या हाती परत गेलं, तेवढंच लिही. नऊव्या दिवशी ती वही वडिलांना वाचून दाखव आणि मग विचार कोण बरोबर.

प्रश्न : 'शानझाय' म्हणजे काय हो? चिनी मालाबद्दल हा शब्द वाचला.
– एक वाचक, जालना

उत्तर : मूळ अर्थ डोंगरातली गढी, जिथं सरकारचं चालत नाही असा बंडखोरांचा अड्डा. पुढे नकली मालाला आणि मुख्यतः मोबाइलला हे नाव पडलं. आठवडी बाजारात मिळणारे ते फोन आठवतात का? दोन सिम, आठवडाभराची बॅटरी, आणि लग्नात बँड नसला तरी चालेल एवढा आवाज. तेव्हा नामी कंपन्यांच्या फोनमध्ये दोन सिम शोधून सापडत नसत. माझ्याकडेही एक होता. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, नसलेले फोन आपल्या सरकारने २००९ च्या नोव्हेंबरअखेर बंद करायला लावले, तसा तो १ डिसेंबरला सकाळी मुका झाला. गाणी मात्र पुढे दोन वर्षं वाजवत होता.