अमेरिकन क्रांतीतल्या अपरिचित माणसांची आठवण 'जिवंत इतिहासा'तून कशी जागवतात?

त्या काळच्या वेशातला कलाकार एका खऱ्या व्यक्तीची भूमिका घेऊन लोकांशी बोलतो, त्यांच्या प्रश्नांना त्या व्यक्तीच्या जागेवरून उत्तरं देतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या जुन्या शहराच्या खुल्या संग्रहालयात हे फार मनापासून करतात. तिथे वॉशिंग्टन, जेफरसन भेटतातच, पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती जेम्स लाफायेतची भूमिका.

जेम्स गुलाम होता. १७८१ मध्ये त्याने अमेरिकेच्या बाजूने इंग्रजांशी लढणाऱ्या फ्रेंच सेनानी लाफायेतसाठी हेरगिरी केली. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या (हाच पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला) छावणीत वावरून तो बातम्या पोचवायचा आणि इंग्रजांना मात्र तो आपलाच हेर वाटायचा. यॉर्कटाउनला इंग्रज शरण आले, देश स्वतंत्र झाला, जेम्स गुलामच राहिला! १७८३ च्या कायद्याने सुटका होती ती सैनिक म्हणून लढलेल्यांची. हेर त्यात बसत नव्हता. अखेर लाफायेतने दिलेलं प्रमाणपत्र अर्जाला जोडून १७८७ मध्ये तो मुक्त झाला आणि त्याने लाफायेतचंच नाव लावलं.

एवढी माहिती फलकावरही मावते. पण 'संधी होती, तर इंग्रजांकडेच का नाही गेलास?' हा प्रश्न फलकाला विचारता येत नाही. अशा प्रश्नासाठी कलाकाराने अर्ज, प्रमाणपत्र, कायदे बारकाईने वाचलेले हवेत. जिथे पुरावाच नाही, तिथे भूमिकेतून बाहेर येऊन तसं स्पष्ट सांगायला हवं.