टाळू तापते, तिथे पंखा काय करणार?

प्रश्न : चारचाकी विकल्यापासून घराला लागून असलेल्या गॅरेजात मी शिलाईकाम करते. जागा 10 बाय 16 फूट, वर जस्ताचा पत्रा, शटर पश्चिमेला, मागच्या भिंतीला एक खिडकी. एप्रिल लागला की दुपारी 12 नंतर मशीनवर बसवत नाही. पंखा लावला तर झळा अंगावर येतात, टाळू तापते. मागच्या वर्षी कूलर आणून आत ठेवला, तर तासाभरात चिकचिक सुरू झाली आणि डबीतल्या सुया गंजल्या. एसी परवडणार नाही. आणि नेमकी लग्नसराई तेव्हाच असते. काय करावं?
– एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, 'टाळू तापते' हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. दुखणं तिथेच आहे. तुमच्याकडे हवा गरम आहेच, पण त्याहून जास्त तुमच्या डोक्यावरचा पत्रा गरम आहे, आणि तो तव्यासारखा खाली धग फेकतोय. दुपारी 2 वाजता स्टुलावर उभ्या राहा आणि तळहात पत्र्याच्या वीतभर खाली धरा. हात न लावताच चटका कळेल. पंखा ही धग अडवू शकत नाही. तो वरची तापलेली हवा खाली ढकलतो, एवढंच.

मी आयटीआयमध्ये निदेशक होतो, नागपुरात. घरामागे माझंही असंच पत्र्याचं गॅरेज आहे. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता, तेव्हा माझ्या खणातली मेणबत्ती वाकून तिची कमान झाली होती. त्याआधी शहाणपणा करून मी पत्र्याला आतून पांढरा रंग दिला होता! ऊन बाहेर, रंग आत. बायको अजून विचारते, 'मास्तर, मुलांना काय शिकवलं जी?'

तेव्हा रंग बाहेरून. गच्चीसाठी मिळतो तो पांढरा उष्णतारोधक रंग घ्या, आधी पत्रा घासून धुवा, कोरडा झाला की संध्याकाळी दोन हात मारा. काही जण चुना सुचवतील. स्लॅबवर चुना उत्तम आणि स्वस्तही, पण जस्ताच्या पत्र्यावर नको, ओला चुना जस्त खातो. 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्माघाताविरुद्ध कृती आराखडा केला. पुढे तिथल्या वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं कामही त्यात आलं. उपाय साधा आहे, पण पोरखेळ नाही.

रंगानंतर पत्र्याखाली सहा-आठ इंच सोडून बांबूचे तट्टे तारेने अँगलला बांधा. मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवा, म्हणजे तिथली तापलेली हवा बाहेर निघून जाईल. थर्माकोल मुळीच लावू नका. मी लावला होता. उंदरांनी कुरतडून माझ्या पान्यांच्या पेटीत पांढरा पाऊस पाडला. ते सोडा, पण थर्माकोल भराभर पेटतो, आणि तुमच्याकडे इस्त्री आहे, कापडाचे ढीग आहेत.

शटर पश्चिमेला, म्हणजे 3 नंतर तीही एक शेगडीच. हिरवी जाळी किंवा चटई शटरच्या बाहेर, हातभर पुढे टांगा. आतून पडदा लावला तर शटर तापणारच, आणि त्याची धग आतच राहणार.

आता कूलर. वाईट कूलर नव्हता, जागा वाईट होती. कूलर हवेत पाणी मिसळून ती गार करतो. खोली बंद असली की तीच ओली हवा तो पुन्हा पुन्हा ओढतो, मग ती आणखी गार होणार कशी? कूलर मागच्या खिडकीच्या बाहेर सावलीत ठेवा आणि समोरचं शटर फूटभर वर करा. जितकी हवा आत येईल, तितकी बाहेर जायला वाट हवी. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की 44 अंशांची हवा नीट चालणाऱ्या कूलरमधून तिशीच्या आसपास येऊन बाहेर पडते. वाळ्यावर खाराचा पांढरा थर बसला असेल तर तो बदला. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि पाणी भरण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

सुयांची डबी घट्ट झाकणाची घ्या, आत मशीनच्या तेलाचा बोळा ठेवा.

इस्त्री सकाळी 9 च्या आत एकदम उरका. हजार वॅटची इस्त्री म्हणजे तेवढ्याच वॅटचा हीटर. घरातलं कुणी दुपारी मोटारसायकल आत आणून लावत असेल तर त्यांना सांगा, इंजिन निवेपर्यंत बाहेर. इस्त्रीजवळ पेट्रोलची टाकी तशीही नको. रात्री मात्र कूलर बंद करून खिडकी सताड उघडा, शटरच्या जागी जाळीचं दार करता आलं तर फारच छान. भिंतींनी दिवसभर प्यायलेलं ऊन रात्रीच बाहेर पडतं.

प्रश्न : आमच्या गॅरेजात गाडीबरोबर वॉशिंग मशीन आहे. कूलर घ्यावा का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. तुमच्या हवेत आधीच इतकं पाणी आहे की कूलर तुम्हाला गार करणार नाही, फक्त भिंतीला बुरशी आणेल. पत्र्याखाली, सगळ्यात उंच जागी एक एक्झॉस्ट पंखा लावा आणि खाली दारात झरोका ठेवा. तो पंखा मशीन चालू असताना लावायचा, आणि गाडी आत आली की त्यानंतर अर्धा तास.